सोमवार ते शनिवार: गावातल्या ख्रिस्ती माणसाने गुणांचा सराव कसा करावा

गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली नऊ नावे आपल्या रविवारच्या शाळेतल्या लेकरांनाही पाठ असतात: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. उपासनेत ती वाचली की सगळे मनापासून आमेन म्हणतात. सोमवारी वावरात कापूस मोजायला काटा लागतो. मंगळवारी शेजारच्याचा वखर आपल्या धुऱ्यात, म्हणजे बांधात, शिरतो. बुधवारी पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला जातो. गुरुवारी सोसायटीच्या पीककर्जाची नोटीस येते आणि घरात आवाज चढतात. त्या घटकेला नवांपैकी एकही नाव आठवत नाही.

हा लेख त्या मधल्या सहा दिवसांसाठी आहे. यवतमाळ-वाशीमकडे कापूस-सोयाबीन करणारे असोत की भंडारा-गोंदियाकडे धान लावणारे, शेतमालक असोत की रोजीने जाणारे, सगळ्यांना यातले काही ना काही लागू पडेल. मला सांगायचे आहे ते असे: आपला गुण ज्या जागी, ज्या वेळी आणि ज्या माणसासमोर हटकून ढळतो, तिथेच त्याचा सराव करावा लागतो. चर्चच्या बाकावर बसून केलेला निश्चय चांगलाच, पण तो त्या जागेपर्यंत नेऊन पोहोचवण्याची तजवीज आधी करायला हवी. पुढच्या पायऱ्या त्या तजविजीच्या आहेत.

कोणाचे काम, किती

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की असू द्या. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू सांगतो की वेलात राहिल्यावाचून फाट्याला आपोआप फळ देता येत नाही. पेत्र मात्र आपल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात होईल तितका प्रयत्न करायला सांगतो आणि विश्वासात सात्त्विकतेची, ज्ञानाची, इंद्रियदमनाची, धीराची अशी एकावर एक भर घालायला लावतो. ही दोन वचने समोरासमोर ठेवली की काही जण गोंधळतात. काही पहिले धरून हातावर हात ठेवून बसतात. काही दुसरे धरून स्वतःला इतके ताणतात की वर्षभरात थकून सोडून देतात.

मला हे असे समजले आहे. रागीट मन शांत करणे माझ्या हातात नाही. पण राग येणाऱ्या जागी जाण्याआधी प्रार्थना करणे, जाताना सोबत कोणाला न्यायचे ते ठरवणे, मजुरीचे सुटे पैसे आदल्या दिवशी आणून ठेवणे, हे सगळे माझ्या हातात आहे. ते मी करायचे आणि मन बदलण्याचे काम आत्म्याकडे सोपवायचे. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीआधी एका ओळीची प्रार्थना गृहीत धरा. आणि पायऱ्या चढून देवाजवळ आपले पुण्य साठते आहे, असा हिशेब चुकूनही मांडू नका. तारण कृपेने मिळते. गुणांचा सराव करायचा तो मिळालेल्या कृपेला साजेसे जगावे म्हणून.

पहिली पायरी: एकच गुण, एकच जागा

नऊच्या नऊ गुण एकदम धरू नका. एक आठवडा फक्त पाहा. रोज निजण्यापूर्वी आठवा: आज मी कोणाशी कसा वागलो याची मला लाज वाटते? ते कुठे घडले? किती वाजता? आठवड्याच्या शेवटी बहुतेकांच्या ध्यानात येते की प्रसंग वेगवेगळे असले तरी जागा एक-दोनच आहेत. कोणाचे बिनसते ते संध्याकाळी काट्यापाशी, कोणाचे जेवणाच्या ताटावर, तर कोणाचे पाण्याच्या टाकीवर दुसऱ्याच्या सुनेबद्दल बोलताना.

मग घरातल्या एका माणसाला विचारा. नवऱ्याने बायकोला, बायकोने सासूला, म्हाताऱ्याने लेकाला. "माझ्या कोणत्या वागण्याचा तुला जास्त त्रास होतो?" एवढाच प्रश्न. उत्तर ऐकताना मधे बोलायचे नाही, कारण सांगायचे नाही. याकोब म्हणतो तसे ऐकायला तत्पर आणि बोलायला धीमे व्हायचे. ही पायरी सर्वांत अवघड आहे आणि बहुतेक लोक नेमकी तीच गाळतात. स्वतः ठरवलेला दोष आणि घरच्यांनी सांगितलेला दोष पुष्कळदा वेगळा निघतो. तसे झाले तर घरच्यांचा धरावा.

आता वाक्य तयार करा. "मी सहनशील होईन" हे वाक्य कामाचे नाही. "संध्याकाळी वावरातून आल्यावर हातपाय धुऊन पाणी पिईपर्यंत लेकरांवर ओरडणार नाही" हे कामाचे. त्यात जागा आहे, वेळ आहे, माणूस आहे. हे वाक्य भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. एक गुण निदान एका हंगामापुरता धरा: मृगापासून पोळ्यापर्यंत, किंवा सोयाबीनच्या सोंगणीपासून नाताळापर्यंत. आठ दिवसांत गुण बदलत राहिलात तर एकही मुरणार नाही.

दुसरी पायरी: दिवसाची दोन टोके

पेरणीच्या किंवा रोवणीच्या दिवसांत तासभर ध्यान करा असे गावातल्या माणसाला सांगण्यात अर्थ नाही. बाई पहाटे उठते ती भाकरी, पाणी, लेकरांचा डबा आटोपून सात वाजता वावराच्या वाटेवर असते. तिला मी एवढेच सांगेन: उठल्यावर पहिले काम हातात घेण्याआधी उभ्या उभ्या एक वचन म्हणा आणि त्या दिवशी ज्याच्याशी गाठ पडणार त्याचे नाव घेऊन प्रार्थना करा. "प्रभू, आज वेचणीला ती येणार आहे. तिच्याशी बोलताना माझी जीभ धर." नाव घ्यायला हवे. मोघम प्रार्थना केली की दिवस मोघम जातो.

वचन महिनाभर एकच ठेवा. राग हा तुमचा प्रश्न असेल तर इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातले, "तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये." पैशाची ओढ असेल तर नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायाचे पहिले वचन, खोट्या तराजूविषयीचे. चिंता असेल तर तेविसावे स्तोत्र. वाचता येत नसेल तर नातवाला वाचायला लावा, तो वाचील आणि त्यालाही पाठ होईल. मोबाइलवर मराठी बायबल ऐकायलाही मिळते. वावराच्या वाटेवर एक अध्याय सहज ऐकून होतो.

दुसरे टोक रात्रीचे. कॅथलिक परंपरेत सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोलाने सद्सद्विवेकाची रोजची तपासणी शिकवली. प्रॉटेस्टंट घरांनीही ती घ्यायला हरकत नाही, कारण तिचा आधार एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्राच्या शेवटच्या ओळींतच आहे, जिथे भक्त देवाला आपले अंतःकरण पारखायला सांगतो. क्रम असा ठेवा. आधी आज मिळालेल्या एखाद्या ठोस गोष्टीसाठी उपकार माना: मोटार वेळेवर सुरू झाली, लेकराचा ताप उतरला. मग सकाळचे वाक्य आठवा आणि आज तिथे काय झाले ते देवाला खरे सांगा. चुकले असेल तर क्षमा मागा. शेवटी उद्या तीच वेळ येईल तेव्हा नेमके काय करायचे ते ठरवा आणि निजा. दोन-तीन मिनिटांच्या वर हे जाऊ नये. लांबले की सुटते.

तिसरी पायरी: काटा आणि मजुरी

या पायरीवर मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण आपल्या मंडळ्यांमधून प्रीतीवर भरपूर संदेश होतात आणि काट्यावर फार थोडे. पवित्र शास्त्र मात्र याबाबत अगदी तपशिलात जाते. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको असे सांगितले आहे. अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात सूर्य मावळण्यापूर्वी द्यायला सांगितले आहे आणि कारणही दिले आहे: तो गरीब आहे, त्याचे मन त्यात गुंतलेले असते. याकोब तर म्हणतो की अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानी जाते.

आता आपल्या वावरात या. कापूस वेचणीची मजुरी किलोवर असते. बाया दिवसभर ओटीत कापूस वेचतात, संध्याकाळी गाठोडी काट्याला लागतात. व्यापाऱ्याने आपल्या मालाच्या वजनातून कट्टी कापली की आपला संताप होतो, आणि आपणच संध्याकाळी वेचणाऱ्या बाईच्या गाठोड्यातून किलो-अर्धा किलो "ओलावा" म्हणून सोडून देतो. शेतमालक असाल तर विश्वासूपणाचा सराव इथे करा.

तो असा. हंगाम सुरू होण्याआधी काटा ओळखीच्या वजनाने तपासून घ्या. मोजणी बायांच्या समोर करा, आकडा मोठ्याने बोला आणि त्यांच्यातल्याच एकीला वहीत लिहू द्या. दहिवरात वेचलेला कापूस जड भरतो हे खरे. त्यावर उपाय म्हणजे दव उडाल्यावर वेचणी सुरू करणे आणि तसे आदल्या दिवशी सांगणे. संध्याकाळी मनाला येईल तेवढे वजन कापणे हा उपाय नव्हे. सुटे पैसे आधी आणून ठेवा. मजुरी आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी द्यायची असे दोघांनी मिळून ठरले असेल तर ते चालते, पण मग बाई बाजाराला निघायच्या आधी पैसे तिच्या हातात पडले पाहिजेत. "चुकारा (विकलेल्या मालाचे पैसे) आला की देतो" हे वाक्य ख्रिस्ती घरातून जायला हवे. चुकाऱ्याची जोखीम शेतमालकाची असते, तिची नसते. हातात खरोखरच पैसे नसतील तर कामावर बोलावतानाच सांगा, म्हणजे यायचे की नाही हे तिला ठरवता येईल.

माल विकतानाही तेच. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण हमीभाव मिळतो, ८ ते १२ टक्क्यांना भाव कमी होतो आणि त्यापुढे माल परत जातो. केंद्रावर ओलावा मोजला जातो म्हणून तिथे कोरडा माल न्यायचा आणि गावात येऊन घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला पाणी मारलेला द्यायचा, अशी दोन मापे अनुवादाच्या पंचविसाव्या अध्यायाने स्पष्ट नाकारली आहेत. व्यापारी आपल्याला फसवतो म्हणून आपण त्याला फसवले, हे उत्तर तिथे चालत नाही.

मजूर असाल तर तुमच्याही वाट्याला हा गुण येतो. गाठोड्यात कवडी कापूस किंवा कचरा दडवायचा नाही, मालक धुऱ्यावर नसला तरी निंदण तितकेच स्वच्छ करायचे. कलस्सैकरांस पत्र काम मनापासून, प्रभूसाठी म्हणून करायला सांगते. पण त्याच पत्रात पुढच्याच अध्यायाच्या आरंभी धन्यांनाही न्यायाने वागायला बजावले आहे, हे मालकांनी विसरू नये.

आणि सरवा, म्हणजे पीक काढल्यावर वावरात उरलेले वेचणे. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली, तेव्हा बवाजाने गड्यांना सांगितले की पेंढ्यांतून मुद्दाम काही काढून टाका आणि तिला धमकावू नका. सोयाबीन निघाल्यावर वावरात शेंगा सांडलेल्या असतात, शेवटच्या वेचणीनंतर पऱ्हाटीला बोंडे राहतात. गावातली एखादी विधवा बाई ते वेचायला येते तेव्हा तिला हटकू नका. त्याच्याही पुढे जाऊन, पिकाची एक ओळ मुद्दाम सोडा आणि तिला निरोप पाठवा. चांगुलपणा शिकायला याहून सोपी जागा मला माहीत नाही.

आधी कोणाचे बुडवले असेल तर? जक्कयाने प्रभूसमोर उभे राहून चौपट परत करण्याचे कबूल केले. तुम्हाला चौपट झेपत नसेल, पण जेवढे बुडवले तेवढे तरी नेऊन द्या, आणि देताना कारण सांगा. नुसते कुठल्या तरी निमित्ताने जास्त पैसे देऊन मोकळे होऊ नका.

चौथी पायरी: धुरा

विदर्भातल्या गावात भावाभावांची तोंडे फिरतात ती पुष्कळदा धुऱ्यावरून. दरवर्षी वखराच्या पाळीत वितभर जमीन इकडची तिकडे होते आणि एखाद्या जून महिन्यात कुऱ्हाडी निघतात. शांती आणि सौम्यतेचा सराव करायचा तर तो या वादात.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रम जसाच्या तसा वापरता येतो. पहिल्यांदा एकट्याने जा. धुऱ्यावर भर उन्हात, गड्यांसमोर विषय काढू नका. तिथे माघार घेणे समोरच्याला कमीपणाचे वाटते. संध्याकाळी त्याच्या घरी जा, ओसरीवर बसा, पाणी प्या, मग म्हणा, "भाऊ, आपल्या धुऱ्याचं एकडाव बसून बोलून घेऊ." तो नाही म्हणाला तर दुसऱ्यांदा दोघे-तिघे घेऊन जा, त्यांत एक तरी त्याच्या बाजूचा असू द्या. तरीही जमले नाही तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी मागवा, आणि ती येण्याआधीच त्याला सांगा की निकाल माझ्याविरुद्ध गेला तरी मी मानीन. मोजणी मागवणे म्हणजे भांडण नव्हे. पोलिसांत खोटी तक्रार देणे, त्याच्या पिकात जनावरे सोडणे, ही भांडणे.

मधल्या काळात त्याच्याशी बोलणे थांबवू नका. रस्त्यात दिसला तर आधी तुम्ही बोला. त्याच्या घरी मयत झाली तर जा. डोंगरावरील प्रवचनात प्रभू सांगतो की वेदीजवळ अर्पण ठेवताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट कर. प्रभुभोजनाच्या रविवारी हे अक्षरशः पाळता येते: शनिवारी संध्याकाळी त्या एका घरी जाऊन या.

अब्रामाने लोटाला आधी निवडायला दिले. इसहाकाने भांडणात सापडलेल्या दोन विहिरी सोडल्या आणि तिसरी खणली. आपली अर्धी वखराची पाळी सोडून वाद मिटत असेल आणि ती सोडणे तुम्हाला परवडत असेल, तर सोडा. पण इथे एक इशारा द्यायलाच हवा. सोडायचे ते आपले स्वतःचे. विधवा वहिनीच्या नावची, अल्पवयीन पुतण्याच्या वाट्याची जमीन कोणी कोरत असेल तर "आपण ख्रिस्ती आहोत, जाऊ द्या" म्हणणे ही शांती नाही. लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा न्याय मिळेपर्यंत न्यायाधीशाच्या दारी जात राहिली आणि प्रभूने तिचे उदाहरण दिले. त्या वहिनीसोबत तहसीलला जाणे, ही त्या वेळची तुमची प्रीती.

पाचवी पायरी: खर्रा, दारू आणि उपास

इंद्रियदमन हा शब्द मोठा वाटतो, पण आपल्याकडे त्याची रोजची परीक्षा सुपारी, तंबाखू आणि चुन्याची पन्नी घेते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, वर्ध्यातही आहे. कायद्याने पुष्कळ घरे वाचवली, तरी ज्याला हवी त्याला ती मिळतेच, हे गावात सगळे जाणतात. म्हणून आतला लगाम लागतो, आणि तो नुसत्या शपथेने येत नाही. चर्चमध्ये हात वर करून सोडलेला खर्रा चौथ्या दिवशी परत हातात आलेला मी पाहिला आहे.

काय करता येईल? आधी तलफ कोणत्या वेळी येते ते लिहा. सकाळी परसाकडे जाताना, जेवणानंतर, फवारणीच्या मधल्या सुट्टीत. त्या त्या वेळी तोंडात टाकायला बडीशेप, भाजलेले चणे किंवा आवळ्याची सुपारी खिशात ठेवा. पानठेला वाटेत लागत असेल तर महिनाभर वाट बदला. खर्ऱ्याचे रोजचे पैसे रात्री डब्यात टाका आणि डबा बायकोच्या ताब्यात द्या. एका मित्राला सांगा की रोज रात्री विचारत जा. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत फोन सेवाही आहे, १८००-११२-३५६.

दारूचे वेगळे आहे. जो रोज भरपूर पितो त्याने एकाएकी बंद केली तर हातपाय कापणे, भास होणे, झटके येणे असे होऊ शकते आणि ते जिवावर बेतू शकते. अशा माणसाला प्रार्थनेला बसवण्याआधी दवाखान्यात न्या. डॉक्टरची गोळी घेणे हा अविश्वास नाही. पाळकांनी हे मंडळीत उघड सांगायला हवे.

राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थान दिनापर्यंतचा काळ, रविवार सोडून ४० दिवसांचा, हा इंद्रियदमन शिकायचा जुना मार्ग. आपल्याकडे तो फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत येतो, हरभरा निघतो आणि ऊन तापू लागते. उपास करा, पण पाणी कधीही सोडू नका. साखरेच्या आजाराची गोळी घेणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, उन्हात रोजीचे काम करणारे, यांनी अन्नाऐवजी दुसरे काही सोडावे: रात्रीचा मोबाइल, मटण, दुसऱ्याबद्दल बोलणे. आणि वाचलेले पैसे किंवा धान्य कोणाच्या तरी घरी गेलेच पाहिजे. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाने निवडलेला उपास असा आहे की ज्यात भुकेल्याला आपल्या अन्नातला वाटा मिळतो.

सहावी पायरी: पीक बुडालेल्या वर्षी

धीराबद्दल बोलताना याकोब शेतकऱ्याचेच उदाहरण घेतो, जो पहिल्या आणि शेवटल्या पावसाची वाट पाहतो. ते वाचताना आपल्या मनात येते की पाऊस आलाच नाही तर? किंवा बोंडे धरली आणि २०१७ सारखी गुलाबी बोंडअळी पडली तर? पवित्र शास्त्राने हेही टाळलेले नाही. हबक्कूक अंजीर न फुलल्याचे, शेतात धान्य न पिकल्याचे, वाड्यात गाईगुरे न उरल्याचे नाव घेऊन सांगतो आणि मग म्हणतो की तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास पावेन. त्याने आधी नुकसान मोजले, हे लक्षात घ्या.

म्हणून आशेचा सराव रडण्यापासून सुरू करा. स्तोत्रसंहितेत गाऱ्हाण्याची स्तोत्रे पुष्कळ आहेत. तेरावे घ्या, बेचाळिसावे घ्या, घरच्यांसोबत मोठ्याने वाचा. मग वही काढा: बँकेचे किती, सोसायटीचे किती, सावकाराचे किती, दुकानदाराचे किती. नवऱ्याने हा आकडा बायकोपासून लपवू नये. पुष्कळ घरांत ती ओझी एकट्या माणसाने वाहिली म्हणून जीव गेले आहेत. मंडळीतल्या हिशेब कळणाऱ्या एखाद्या शिक्षकाला किंवा बचतगटातल्या बाईला सोबत बसवा आणि कोणाला आधी भेटायचे ते ठरवा.

शेजारी कोणी खचला असेल तर त्याला "विश्वास कमी पडला" असे कधीही म्हणू नका. एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, दूताकरवी भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. प्रश्न नंतर विचारला. तुम्हीही तेच करा. डबा घेऊन जा. रात्री सोबत झोपायला जा. मरणाची भाषा करत असेल तर सरळ विचारा. विचारल्याने मनात नसलेले भरत नाही. फवारणीची औषधे त्याच्या घरातून हलवा. जिल्हा रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा आणि १४४१६ या मानसिक आरोग्याच्या मोफत क्रमांकावर त्याच्यासमोर बसून फोन लावून द्या. ममता म्हणतात ती ही.

सातवी पायरी: घर, मंडळी, गाव

घरातल्या गुणांविषयी एकच गोष्ट जोर देऊन सांगतो. आपल्या मंडळ्यांमधून सहनशीलता बहुतेक वेळा बायकांना आणि इंद्रियदमन पुरुषांना सांगितले जाते, आणि मार खाणाऱ्या बाईला "सोस, प्रभूने किती सोसले" असा सल्ला मिळतो. हा सल्ला चुकीचा आहे. पेत्र नवऱ्यांना बजावतो की बायकोला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनांना अडथळा येईल. मारहाण होत असेल तर पाळकबाईंनी आणि मंडळीच्या वडीलजनांनी त्या घरी जावे, बाईला सुरक्षित जागी ठेवावे, आणि गरज पडल्यास १८१ (महिला मदत) किंवा ११२ (पोलीस) ला फोन करावा. प्रेमाच्या नावाखाली ते झाकू नये.

मंडळीत तीन-चार जणांचा एक गट करा, बायांचा वेगळा, बाप्यांचा वेगळा. पंधरा दिवसांनी भेटा. प्रत्येकाने आपले कॅलेंडरमागचे वाक्य वाचायचे, काय झाले ते सांगायचे, बाकीच्यांनी प्रार्थना करायची. सल्ला मागितल्याशिवाय द्यायचा नाही आणि तिथले बोलणे बाहेर न्यायचे नाही. एकदा जरी बाहेर गेले तर गट संपला असे समजा.

दोन पंथांची दोन छोटी चर्चे एकाच गावात एकमेकांशी न बोलता उभी असलेली दिसतात तेव्हा मला फार दुःख होते. २९ नोव्हेंबर १९७० ला याच विदर्भात, नागपुरात, सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली. ते मोठ्या पातळीवर झाले. गावात निदान नाताळाची एक फेरी, एखादी मयत, हंगामाच्या उपकारस्तुतीचे एक जेवण तरी मिळून करता येते.

आपण गावात मूठभर आहोत. शेजारी हिंदू आहेत, बौद्ध आहेत, मुसलमान आहेत, गोंड-कोरकू आहेत. त्यांच्याशी ममतेने वागायचे ते कशाच्या बदल्यात नाही. प्रभूने शेजारी कोण हे सांगताना शोमरोनी माणूस पुढे केला, म्हणजे चांगुलपणा त्यांच्याकडूनही शिकायचा आहे. ग्रामसभेला जा. नाला खोलीकरणाच्या श्रमदानात फावडे घ्या. रात्री कोणाची बाई अडली तर गाडी काढा आणि नंतर डिझेलचे पैसे मागू नका.

चुकले तर, आणि पुढचा गुण

चुकणार. पहिल्या पंधरवड्यात तर हटकून. त्या दिवशी तीन गोष्टी करा, आणि त्याच दिवशी. देवाजवळ कबूल करा. योहानाच्या पहिल्या पत्रात तो विश्वसनीय व न्यायी असल्याने क्षमा करील असे वचन आहे. ज्याला दुखावले त्याच्याकडे जा आणि "पण तू सुद्धा" हे शब्द न वापरता माफी मागा. लेकरावर ओरडला असाल तर लेकराचीही मागा. आईबापाने माफी मागितलेले लेकरू ते आयुष्यभर धरून ठेवते. मग आपले वाक्य पुन्हा वाचा आणि ते फार मोठे झाले असेल तर लहान करा. पूर्ण दिवस जमत नसेल तर जेवणाची वेळ धरा.

हंगाम संपला की ज्या माणसाला सुरुवातीला विचारले होते त्यालाच पुन्हा विचारा: काही फरक पडला का? तो नाही म्हणाला तर तोच गुण पुढच्या हंगामालाही चालू ठेवा. हो म्हणाला तर नवा निवडा, पण जुने वाक्य कॅलेंडरमागून काढू नका. गुढीपाडव्याला सालगड्याशी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याशी, नवा करार ठरतो, तो दिवस नवा गुण निवडायला मला सोयीचा वाटतो, कारण त्या दिवशी काम, पैसा आणि माणूस तिन्ही डोळ्यांसमोर असतात. सालगडी ठेवत असाल तर कराराचे बोलणे सुरू करण्याआधी त्यालाच विचारून पाहा की गेल्या वर्षी माझे कुठे चुकले.